जिभेला चिकटणारं हाड

संग्रहालयाच्या फाटकाबाहेर भलीमोठी रांग लागली होती, पण आमच्या डायनोसॉरसाठी नव्हे. आमच्या तिकिटासाठी माणसं अशी कधी ताटकळली नाहीत. रांग होती अस्थिबाबासाठी. तो दगड झालेल्या हाडाचा नखाएवढा तुकडा रोग्याच्या जिभेला टेकवायचा आणि हात काढून घ्यायचा. तुकडा तिथेच लटकायचा. थोड्या वेळाने आपोआप गळून पडला की बाबा डोळे मिटून सांगायचा, "रोग पिऊन हाड तृप्त झालं. आता औषधाला शिवायचं नाही." लोक हात जोडायचे आणि मी आत बसून दातओठ खायचो.

या बाबाला मी चांगला ओळखत होतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो शाळांच्या सहली आणणाऱ्या बसचा ड्रायव्हर होता. आत गारवा असतो म्हणून प्रत्येक वर्गामागे दालनात फिरायचा. मी इथला गाईड. शेवटी मुलांना एक गंमत दाखवायचो: हाडाचा तुकडा जिभेला चिकटवून हात मागे बांधून उभा राहायचो. मुलं खिदळायची. तो का चिकटतो, ते सांगायचं मात्र राहून जायचं, कारण पुढचा वर्ग दारात आलेला असायचा.

त्या मंगळवारी आठवीचा वर्ग आला होता. मोठ्या सांगाड्याजवळ एक मुलगी एकदम ताठ झाली आणि कोसळली. हातपाय झटकू लागली. तिच्या बाईंनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा स्वेटर सरकवला. फिट दोन मिनिटांत थांबली. बाई म्हणाल्या, गोळ्या सुरू झाल्यापासून वर्षभरात हिला एकदाही फिट आली नव्हती. मग मुलीनेच हळू आवाजात सांगितलं की जिभेवरून हाड गळलं, म्हणून पप्पांनी तीन आठवड्यांपूर्वी गोळ्या बंद केल्या.

बाईंनी डॉक्टरांना बोलावलं, वडिलांना फोन केला. डॉक्टर मुलीला तपासत होते तेवढ्यात वडील आले. शिंपीकाम टाकून धावत आलेले, गळ्यात टेप तशीच. पण ते आत न येता आधी बाबाकडे गेले. थोडा रोग उरला असेल, अजून एक हाड लावा, असं त्याला विनवू लागले.

माझं डोकंच फिरलं. बाहेर जाऊन बागेतल्या फुटक्या मातीच्या कुंडीचं कोरडं खापर उचललं, स्वच्छ पुसलं, त्याचा तुकडा पाडला आणि सगळ्यांसमोर जिभेला लावला. तो लटकला. थोड्या वेळाने गळून पडला. मग बाबाला म्हटलं, नुकतंच गळलेलं एखादं हाड माझ्या जिभेला लावून दाखव. त्याने लावलं. चिकटेना.

"ते तृप्त आहे," बाबा म्हणाला.

"तृप्त नाही, ओलं आहे. हाडाला बारीक छिद्रं असतात. कोरडं असताना ती थुंकी शोषतात, म्हणून ते चिकटतं. छिद्रं भरली की सुटतं. आणि माझ्या कुंडीने कोणता रोग प्यायला?"

अश्रद्ध माणसापुढे शक्ती चालत नाही, असं पुटपुटत बाबाने तुकडे गोळा केले आणि काढता पाय घेतला. निम्मी रांग त्याच्या मागे गेली. वडील जागेवरच उभे राहिले.

"साहेब, मागच्या वर्षी ही सहलीहून आली आणि म्हणाली, म्युझियमच्या काकांच्या जिभेलाही हाड चिकटतं. म्हणून तर माझा बाबावर विश्वास बसला. तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

तेवढ्यात बाईंचा हात धरून मुलगी बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"काका, म्हणजे माझं काहीच बरं झालं नव्हतं?"

"नाही गं बाळा," मी म्हणालो. "पण गोळ्यांनी तू बरी राहत होतीस."

तेव्हा मुलांनो, आणि त्यांच्या आईबापांनो, कुणी काही अद्भुत दाखवलं तर ते कसं होतं हे विचारल्याशिवाय जागचे हलू नका. माझ्यासारख्या गाईडलाही सोडू नका. आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नका.