एकटी सोंगटी

दत्तप्रसादांना मुलाकडे वारज्याला राहायला जायचं होतं. हे त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हते. कसबा पेठेत वाढलेला माणूस एक वेळ उपाशी उठेल, पण तोंडाने वाढा म्हणणार नाही.

बायकोच्या वर्षश्राद्धाला चार नातेवाईक जमले होते. त्यांच्यादेखत सलिल म्हणाला, बाबा, आता आमच्याकडे चला. दत्तप्रसाद म्हणाले, नको. त्याने पुन्हा विचारलं, ते पुन्हा नको म्हणाले. लग्नाच्या पंक्तीत जिलबीला दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, तुमचा आग्रहच आहे तर' म्हणून घ्यायची, ही त्यांची जन्माची रीत. पण तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही. सलिल मामांशी पार्किंगबद्दल बोलायला लागला.

तेव्हा म्हाताऱ्याने घाईघाईने स्वतःच तोडगा काढला. रविवारी बॅकगॅमनचा एक डाव खेळायचा. सलिल जिंकला तर ते वारज्याला जातील, हरला तर विषय बंद. मस्कतच्या नोकरीतून आणलेल्या पटावर त्यांनीच सलिलला हा खेळ शिकवला होता, आणि कॉलेजात गेल्यापासून सलिल त्यांना सहज हरवत असे. त्यामुळे हरण्याची त्यांना खात्री होती. त्यांनी बॅग भरली, आणि कोपऱ्यावरच्या डेअरीत जाऊन मच्छिंद्रला सोमवारपासून दुधाचा रतीब बंद करायला सांगितलं. बाजारात तुरी म्हणतात, त्यातलाच प्रकार.

रविवारी दुपारी सलिल एकटाच आला. सुनेला, नम्रताला, काहीतरी काम होतं. डाव सुरू झाला आणि मेले फासे दत्तप्रसादांवर नको तितके प्रसन्न झाले. चहा होईस्तोवर त्यांच्या सगळ्या काळ्या सोंगट्या पटाच्या शेवटच्या भागात, म्हणजे घरात पोचल्या आणि एकेक करून बाहेर पडू लागल्या. सगळ्या बाहेर पडल्या की डाव त्यांचा. सलिलच्या दोन पांढऱ्या सोंगट्या मात्र अजून त्यांच्याच घराच्या टोकाला दबा धरून बसल्या होत्या. एखादी काळी एकटी सापडली की पांढरी तिला मारणार, आणि मेलेल्या काळीला पार पहिल्यापासून पट फिरून यावं लागणार. जिंकलेले डाव असेच जातात.

म्हणून तर त्यांनी लहानग्या सलिलला टपल्या मारून शिकवलं होतं: शत्रू घरात असेपर्यंत हावरेपणा करायचा नाही. मागच्या सोंगट्या आधी आवरायच्या. एकटीला उघड्यावर सोडायचं नाही.

आता त्यांना सहा आणि तीन पडले. सहाने सर्वांत मागच्या जोडीतली एक बाहेर गेली. मागे राहिलेल्या एकटीला तीनने पुढच्या सोंगट्यांत आणायचं, एवढं सलिलने दुसरीत असतानाही सांगितलं असतं. दत्तप्रसादांनी तिला तिथेच ठेवलं आणि तीनने पुढचीच एक बाहेर काढली.

"घाई केलीत बाबा," सलिल म्हणाला.

"वय झालं," ते म्हणाले, आणि मनातल्या मनात कसब्याच्या गणपतीला हात जोडले. त्या एकटीला मारायला सलिलला पाच पडायला हवे होते.

पाच आणि एक पडले.

दत्तप्रसादांची छाती हलकी झाली. वारज्याच्या बाल्कनीत खडकवासल्याकडचा वारा येतो. सकाळी उठल्यावर घरात दुसरं कोणीतरी खाकरतं. त्यांना एवढंच पुरे होतं.

सलिलचं बोट पांढऱ्या सोंगटीवर टेकलं. त्याने समोरच्या एकट्या काळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बोट उचललं, आणि पटाच्या दुसऱ्या टोकाला आपलीच एक चांगली जोडी मोडून पाच घरं चालला.

पाच पडलेत, मार की गाढवा, हे शब्द दत्तप्रसादांच्या ओठांपर्यंत आले. पण ते म्हणजे पुन्हा वाढा म्हणणंच झालं. पट उलथून द्यावा इतका त्यांना राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. मुलाला आपण नको आहोत, हे कळायला आपणच फासे टाकून बसलो होतो. त्यांनी पुढच्या खेपेला एकटीला मुकाट्याने आत घेतलं आणि डाव संपवला.

"हरलो बुवा," सलिल म्हणाला. त्याचा चेहरा दुपारपासून पहिल्यांदाच मोकळा झाला होता. "आता तुमच्या मनासारखं. इथे तुमची माणसंही आहेत."

"आहेत तर," दत्तप्रसाद म्हणाले. "सावकाश जा. रविवारची गर्दी असते पुलावर."

तो गेल्यावर ते चपला घालून डेअरीत गेले आणि रतीब चालूच ठेवायला सांगितला.

"का हो काका? मुलाकडे निघाला होतात ना?" मच्छिंद्रने विचारलं.

"निघालो होतो. पण जिंकलो."

मच्छिंद्रला काही कळलं नाही, पण जिंकलो हा शब्द त्याला पुरला. मग पेढे घेऊन जा की काका, आजच केलेत, असं तो म्हणाला. दत्तप्रसादांनी पहिल्याच खेपेला हो म्हटलं.