छोटीचा माउथपीस

"माझ्याकडे पाठ कर. आणि त्या कपाटाच्या काचेत बघायचं नाही, मला सगळं दिसतं," मामा म्हणाला.

मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. क्लॅरिनेटचा माउथपीस, म्हणजे ओठांत धरून फुंकायचा तुकडा, निवडायची मामाची हीच पद्धत आहे. ऐकणाऱ्याने वाजवणाऱ्याकडे बघायचं नाही, बघितलं की डोळे कानांच्या कामात लुडबुड करतात. पूर्वी हे काम मामी करायची. या वेळी ती म्हणाली, "मला नाही बाई ऐकवणार. हिला घेऊन जा, ही तोंडावर बोलते." हे माझं कौतुकच होतं, असं मी धरून चालले आहे. शाळेच्या वादविवादात पहिली आल्यापासून मला कुणाचीच भीती वाटत नाही.

"उगाच छान छान म्हणायचं नाही हं," मामाने बजावलं.

"अरे, मी मुख्याध्यापिकांना 'तुमचं गाणं बेसूर होतं' असं सांगून आलेय!"

"म्हणून तर तुला आणलंय, भवाने."

मामा नाटकगृहाच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवतो. त्याच्याकडे वेगवेगळ्या पट्टीच्या तीन आहेत, दोन मधल्या आणि एक छोटी. दोन्ही मधल्यांना एकच माउथपीस चालतो. वाजवता वाजवता पट्टी बदलायची वेळ आली की मामा तो गरम माउथपीस एकीवरून उपसतो आणि दुसरीवर बसवतो, आईने एका मुलाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालावी तसा. छोटीचे नखरे मात्र वेगळे. तिला तिचा स्वतःचा चिमुकला माउथपीस लागतो आणि तो ओठांत घट्ट आवळून धरावा लागतो. ती सगळ्या वाद्यांच्या वर वाजते, त्यामुळे घसरली की मागच्या रांगेत पेंगणाऱ्यालाही कळतं. आणि छोटी म्हणजे मामा, हे माझ्या जन्माआधीपासून ठरलेलं.

मामाचे वरचे दात काढून कवळी बसवल्यापासून छोटी घसरायला लागली होती. वाद्यवृंदाचे संचालक आरडाओरडा करणारे नाहीत. "सोमवारी छोटीवर एकदा ऐकतो तुम्हाला," एवढंच म्हणाले. नाही जमलं तर छोटी मामाच्या शेजारच्या खुर्चीवरच्या ताईंकडे जाणार होती. म्हणून आज आम्ही इथे, माउथपीस घासून देणाऱ्या काकांच्या दुकानात.

काकांनी खण उघडल्याचा आवाज आला. मग मामाने फुंकर घातली.

"डास," मी म्हणाले.

काका हसले. "मास्तर, भाची कडक आहे."

दुसरा सर्दी झाल्यासारखा होता. तिसरा चांगला चालला होता, पण वरच्या सुरावर गेला आणि मधूनच तुटला. काकांनी कानस चालवली, माउथपीसवर दात टेकतात तिथे रबराची पट्टी चिकटवली, पुन्हा दिला. पुन्हा तुटला. मी न बघताही मला सगळं कळत होतं. कवळी टक्‌ करून जागेवरून हलायची, मामा ती जिभेने परत बसवायचा, नाकाने लांब श्वास सोडायचा. सुरुवातीला मी जोरजोरात शेरे मारत होते. मग माझे शेरे लहान होत गेले. शेवटी मी नुसतंच "नाही" म्हणायला लागले, आणि ते म्हणायचाही मला कंटाळा आला. वाजवणाऱ्याचं काय होत असेल!

"थांबायचं का, मामा?"

"एक राहिलाय. ऐक."

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग सूर आला. सरळ, स्वच्छ, वर चढत गेला आणि वर जाऊन निवांत उभा राहिला. माझ्या अंगावर काटा आला.

"हाच! मामा, हाच! अगदी तुझा आवाज! सोमवारी बघच तू..."

नियम मोडून मी गर्रकन वळले. छोटी काकांच्या तोंडात होती. मामा स्टुलावर बसला होता, हात मांडीवर ठेवून. काका माझ्याकडे न बघता माउथपीसवरची रीड, ती पातळ पट्टी, पुसायला लागले.

"मीच वाजवायला सांगितलं त्यांना," मामा म्हणाला. "कोणता होता, ओळख."

"कोणता?"

"माझा जुनाच."

मी काकांच्या हातातल्या छोटीकडे बघितलं.

"म्हणजे माउथपीसमध्ये काही खोट नाही," मामा म्हणाला. "बरं झालं. उगाच त्याला बोल लावत होतो."

"मास्तर, आणखी थोडा घासून बघू का?" काकांनी विचारलं.

"नको हो. दमलो." त्याने कवळी अंगठ्याने दाबून बसवली. "मधल्यांसाठी दाखवा काहीतरी. जरा सैल तोंडाने वाजेल असा. काय गं, बघत काय बसलीस? कर पाठ."

मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मामाने एकच खालचा सूर लावला आणि लांबवला. थोडा थरथरला, पण तुटला नाही.

"बरा आहे," मी म्हणाले. "खरंच बरा आहे."

"छान नाही म्हणालीस."

"तूच म्हणालास ना, उगाच म्हणायचं नाही."

"शाब्बास," मामा म्हणाला.

परतताना छोटीची पेटी माझ्या हातात होती. ती नाटकगृहाची. तिचा जुना माउथपीस मात्र मामाचा स्वतःचा. "उद्या ताईंना पेटी देऊन टाकतो, सोमवारपर्यंत कशाला ताटकळत ठेवायचं," असं म्हणत त्याने तो काढून खिशात टाकला. बसथांब्यावर बसल्यावर मी तो मागून घेतला. वरच्या बाजूला, जिथे दात टेकतात, तिथे शेजारी शेजारी दोन खाचा पडल्या होत्या. गुळगुळीत, खोल. मामाच्या स्वतःच्या दातांच्या.

मी माझे दात त्यांवर ठेवून बघितले. बसले नाहीत.

"पुसून दे," मामा म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.