पिपरटोल्याची नाली

"हरिदासभाऊ, हे काय होय?" प्रफुलनं करकचून ब्रेक दाबला.

हरिदास रामटेके गाडीतून उतरला आणि दारापाशीच खिळून राहिला. चैत्रात इथं पाण्याच्या पाइपसाठी आखलेली फक्त चुन्याची रेघ होती. डोंगरातल्या झिऱ्यापासून गावापर्यंत, पावणेदोन किलोमीटर, ती त्यानंच ओढली होती. आता ज्येष्ठ चालू होता आणि त्या रेघेच्या जागी नाली होती. मांडीएवढी खोल, फावड्याच्या रुंदीची, मोहाच्या झाडांमधून सरळ खाली आलेली. माती एकाच बाजूला रचून, वरून थापून ठेवलेली. जिथं मोहाचं मूळ आडवं आलं होतं तिथं मूळ तोडलं नव्हतं, खालून हातानं माती उकरून वाट काढली होती. हरिदासनं वाकून त्या मुळाला हात लावला. त्यावर कुऱ्हाडीचा एक ओरखडा नव्हता.

"कोणी केलं असंन हे?" त्याच्या तोंडून निघालं.

"कोणी का करंना, आपला अर्ज त गेला ना भाऊ," प्रफुल म्हणाला आणि त्यानं कपाळावर हात मारला.

प्रफुल मूल शहरातल्या समाजसेवी क्लबचा सेक्रेटरी, तिथंच त्याचं हार्डवेअरचं दुकान. हरिदास क्लबचा कोणीच नव्हे. तो मूलच्या एका राइस मिलमध्ये एकतीस वर्षं मुनशी, आणि मिलचे शेठ क्लबचे अध्यक्ष, म्हणून क्लबचे कागदही त्याच्याच टेबलावर येऊन पडत. निधीसाठीचे अकरा अर्ज त्यानं केले होते. शाळेची बाकं, दवाखान्याचं मशीन, शिलाईकेंद्र. सत्काराच्या दिवशी शेठ हार घालून घेत आणि हरिदास मागच्या खुर्चीवर फाईल मांडीवर घेऊन बसे. त्याला त्याचं काही वाटत नसे. त्याचा अभिमान वेगळाच होता. त्याच्या हातच्या कागदावर कधी गिचमिड खाडाखोड सापडायची नाही. चूक झालीच तर तो एकच बारीक रेघ मारायचा, बाजूला सही करायचा, आणि नव्या पोरांना बजावायचा, "खोडाचं त एका रेघेनं. खालचं वाचता आलं पाह्यजे. लपवाले नाई खोडत आपुन."

पिपरटोला मात्र त्याचं स्वतःचं काम होतं. दोन हिवाळ्यांमागं क्लबनं वैनगंगेपलीकडच्या या बावन्न घरांच्या गावात घोंगड्या वाटल्या. फोटो झाले, चहा झाला, आणि गाड्या निघता निघता ग्रामसभेची अध्यक्ष आशाबाई कुमरे नेमकी हरिदासपाशी आली. सगळ्यांत साधे कपडे याचेच आहेत म्हणून आली असेल. "घोंगड्या हायेत आमच्यापाशी भाऊ," ती म्हणाली, "पाणी नाई. झिरा बारमाही हाये, पन डोंगरात हाये. बायांचा अर्धा दिस तिथंच जाते." अशा वेळी हरिदासचं उत्तर ठरलेलं असे, शेठले विचारतो. त्या दिवशी काय झालं कोणास ठाऊक, तो म्हणाला, "करतो मी." आयुष्यात पहिल्यांदा. रात्री जेवताना त्यानं ते बायकोला सांगितलं तेव्हा तीही घास हातात धरून पाहत राहिली.

आणि आता ही नाली. योजनेचा नियम अगदी साधा होता. क्लबनं आपला वाटा घालायचा, परदेशातला एखादा क्लब आपला घालतो, मग वरची संस्था त्यात तेवढीच भर टाकते. पण मंजुरी येईपर्यंत जागेवर कुदळ लागायला नको. काम आधी सुरू झालं की अर्ज बाद. हा नियम हरिदासला पाठ होता. त्यानं तो गावाला सांगितला नव्हता, कारण अकरा अर्जांत कधी सांगायची पाळीच आली नव्हती. मंजुरीनंतरही गावं हलत नाहीत, मागं लागावं लागतं, हा त्याचा अनुभव. मंजुरीआधीच कोणी खणून बसेल, ही धास्ती त्याला कुठून असणार?

लोक पिंपळाखाली जमले. आशाबाईचा चेहरा आनंदानं फुलला होता. "तेंदूपत्ता संपला अना आमी लागलो," ती सांगू लागली. "धानाच्या रोवण्याच्या आंधी उरकाचं होतं. घरटी सत्तर हात. बांबूनं मोजून खुंट्या ठोकल्या. तेरा दिसांत झालं."

"पन काऊन बाई?" हरिदासनं विचारलं. "मी म्हटलं नव्हतं ना खंदा म्हून."

"तुमीच त म्हटलं होतं," ती म्हणाली. "आंधी आपुन घालाचं, मंग ते तेवढंच घालतेत. आमच्यापाशी पैसे कुठी हायेत? हात हायेत. म्हून आमी हे घातलं."

हरिदासनं खाली पाहिलं. त्यानं म्हटलं होतं खरं तसं. योजना समजावताना अगदी याच शब्दांत.

एक म्हातारा काठी टेकत पुढं आला. सोमाजी, एकटा राहणारा, बायको जाऊन दहा वर्षं झालेला. घरकुलाच्या यादीत त्याचं नाव दोनदा सुटलं होतं, त्यामुळे कोणताही कागद दिसला की तो एकच प्रश्न विचारी. "त्याच्यात मी हाये का, भाऊ?"

"हायेस ना," हरिदास म्हणाला. "दोनशे बारा लोकं लिहिले. त्यात तू एक."

"बरं," सोमाजी म्हणाला. "मी बी सत्तर हात खंदलो. कोनाले हात लावू देल्लो नाई." आणि तो समाधानानं खाली बसला.

त्यानंतर नियम सांगणं हरिदासच्या जिवावर आलं. पण सांगावं लागलं. एका बाईनं लेकरू या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, एवढंच. शेवटी प्रफुलनंच तोंड उघडलं. तो काही वाईट माणूस नव्हता, पण दुकानदार माणूस, अडलेली गोष्ट सोडवायची त्याला सवय.

"हे पाहा, यात काई मोठी गोष्ट नाई. फोटो आपुन पलीकडून काढू, नाली दिसत नाई तिकडून. कागदावर ग्रामसभेची सही पाह्यजे, ते तेवढी द्या. कोण येते इथी पाहाले?"

"काय लिहिलं हाये कागदावर?" आशाबाईनं विचारलं.

हरिदासनं वाचलं. "या जागी कोणतंही काम सुरू झालेलं नाही."

"झालं ना पन."

"हो."

"मंग सही कशी करू?"

प्रफुल म्हणाला, "बाई, पाणी पाह्यजे का नाई?"

"पाह्यजे," ती म्हणाली. "थांबा जरा."

गाव पिंपळाच्या त्या बाजूला जाऊन बसलं. इथं मतं मोजत नाहीत, सगळ्यांचं एक होईपर्यंत बसून राहतात, हे हरिदासला माहीत होतं. आता दिवस मावळतो की काय असं त्याला वाटलं. पण अर्ध्या तासात मंडळी परत आली.

"बुजवतो," आशाबाई म्हणाली.

"काय?"

"नाली बुजवून देतो. काम झालंच नाई असं होईन, मंग सही करतो. तुमची मंजुरी आली का मंग परत खंदू."

"बाई, तेरा दिवस उन्हात राबले तुमी," हरिदास म्हणाला.

सोमाजी काठीवर भार देत उठला. "खंदता येते त बुजवता येत नाई का?" तो म्हणाला आणि फावडं आणायला घराकडे चालू लागला.

ना आरडाओरडा, ना कुरकुर. ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या खुंटीपासून. थापून ठेवलेली माती फावड्यानं सुटी होऊन पुन्हा त्याच खड्ड्यात पडू लागली. प्रफुल गाडीत जाऊन बसला आणि त्यानं मोबाईल हातात घेतला, पण तो पाहत होता खिडकीबाहेरच. हरिदासच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही. अकरा अर्जांत त्यानं किती वाक्यं सोयीनं लिहिली होती, लोक श्रमदान करतील, लोक देखभाल करतील, लोकांची संमती आहे. एकही वाक्य कोणी असं तपासलं नव्हतं. आणि इथं एक ओळ खोटी ठरू नये म्हणून अख्खं गाव स्वतःच्या हातचं काम मातीत घालत होतं. अशी माणसं आपल्या मूलपासून दोन तासांवर राहतात आणि आपण त्यांना घोंगड्या देऊन आलो, या विचारानं तो मनातल्या मनात मेल्याहून मेल्यासारखा झाला. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि उघड्या नालीचा फोटो काढून ठेवला.

चौथ्या दिवशी तो एकटाच बसनं आला. नाली नव्हती. जमीन सारखी केलेली होती, खुंट्या तेवढ्या राहिल्या होत्या. आशाबाईनं कागद पुन्हा वाचून घेतला आणि सही केली.

मूलला परतल्यावर मात्र त्यानं एक जादाचं पान जोडलं. गावानं काम का सुरू केलं, नियम कळल्यावर काय केलं, सगळं जसंच्या तसं. आपण नियम सांगायला विसरलो, हेही. खाली दोन फोटो, उघड्या नालीचा आणि बुजवलेल्या जागेचा.

"डोकं फिरलं का तुमचं?" प्रफुल म्हणाला. "त्यायनं बुजवली कशाले मंग? हे पान पाह्यलं का अर्ज बाद करतीन ते."

"करतीन त करतीन," हरिदास म्हणाला. "त्यायच्या सहीखाली मी काई लपवणार नाई."

गादीवर बसून हे ऐकत असलेल्या शेठनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत मुनशी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला होता. "जाऊ दे," ते म्हणाले. "जसा हाये तसा पाठव."

पावसाळा गेला. हरिदासला झोप लागेना. रोज सकाळी मिलमध्ये आल्यावर तो आधी मेल उघडी, मग देवाला उदबत्ती लावणारे शेठ "काय?" असं भुवयांनी विचारत, तो मान हलवी. आपल्या एका पानापायी बावन्न घरांचं पाणी गेलं तर गावाला काय उत्तर देणार, हेच डोक्यात. दसरा गेला, दिवाळी गेली. दिवाळीनंतरच्या सोमवारी मेल आला. परदेशातल्या क्लबनं एवढंच विचारलं होतं की त्या जादा पानावरचं खरं आहे का. त्यानं लिहिलं, खरं आहे. आठ दिवसांनी मंजुरी आली. त्यासोबत एकच काम होतं, ग्रामसभेच्या करारावर ताजी सही आणि लाभार्थ्यांचा आकडा.

तो पिपरटोल्याला उतरला आणि ज्येष्ठात उभा होता तिथंच पुन्हा उभा राहिला.

झिऱ्यापासून गावापर्यंत अंबाडीची रांग होती. पुरुषभर उंच, लाल दांड्यांची, वर पिवळी फुलं. डोंगराच्या अंगानं, मोहांमधून, जिथं मूळ आडवं होतं तिथं तेवढीच जागा सोडून, सरळ खाली. पावणेदोन किलोमीटर.

"आमी पेरली," आशाबाई म्हणाली. "मऊ माती होती, वाया काऊन घालाची? भाजी खाल्ली सारा पावसाळा. अना जागा बी चुकाची नाई. हे उपटून काढली का खाली मातीच हाये. आता हप्त्यात खंदतो."

मंजुरी येईलच, हे आशाबाई ज्येष्ठातच धरून चालली होती. हरिदास त्या रांगेच्या कडेनं चालत राहिला, मागं आशाबाई. मधल्या एका ठिकाणी तुकडाभर अंबाडी उपटलेली होती आणि खाली नाली उघडी होती. नवी, मांडीएवढी खोल. बाकीच्या कामाला अजून कोणी हात लावला नव्हता आणि हा एवढाच वाटा पुरा झालेला.

"हे कोणाचं?"

"सोमाजीचं," ती म्हणाली. "भादव्यात गेला तो. ताप आला अना तिसऱ्या दिशी गेला. त्याचे सत्तर हात मंग साऱ्यायनं मिळून खंदले. मंजुरीचा तुमचा फोन आला ना, त्याच दिशी. त्याच्या मांगं कोनी नाई, त्याचं राहाले नाई पाह्यजे."

हरिदास नालीच्या काठावर बसला. खुंटी अजून जागेवर होती. थोड्या वेळानं त्यानं फाईल उघडली, करार काढला आणि सहीची जागा दाखवली. आशाबाईनं नेहमीसारखं आधी वाचून दाखवायला लावलं. तो वाचू लागला. गाव पिपरटोला, घरं बावन्न, लाभार्थी दोनशे बारा.

"दोनशे अकरा," ती म्हणाली.

त्याला कळलं होतं. कळूनही तो आकडा त्यानं मुद्दाम तसाच वाचला होता. "राहू द्या ना बाई," तो म्हणाला. "एकानं काई होत नाई. त्याले लय हौस होती यादीत नाव राहाची."

"मले माहीत नाई का?" ती म्हणाली. "पन तो पाणी पेणार नाई ना भाऊ आता. खरं तेच लिहा."

हरिदासनं पेन उघडलं. दोनशे बारावर त्यानं एकच रेघ मारली, बारीक, खालचं नीट वाचता येईल अशी. बाजूला दोनशे अकरा लिहिलं, आपली सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. आशाबाईनं रेघेखालचा आकडा बोट ठेवून पाहिला, आणि मग सही केली.