वरची रांग

"कोट अंगात नाहीये," लेफ्टनंट फॅरल खड्ड्यात वाकून म्हणाला. "अंगावर आहे. पांघरूण घालावं तसा."

टायटस फावड्यावर हात ठेवून उभा राहिला.

"बटणं आपल्या फौजेची. गरुडाची." फॅरलने चष्मा काढून बाहीला पुसला, पुन्हा लावला. "पण बाह्यांत हात नाहीत. पायात बूट नाहीत, कमरेला पट्टा नाही. आपल्या मेलेल्या पोरांचे कोट दक्षिणेच्या बंडखोरांनी ओरबाडून घेतलेले मी ढिगाने पाहिलेत. मग हा आपलाच कशावरून?"

अमेरिकेतलं उत्तर-दक्षिणेचं युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. जॉर्जियाच्या लाल मातीत उत्तरेचे शिपाई जिथे पडले तिथेच गाडले गेले होते. त्यांना उकरून काढायचं, पेटीत घालायचं आणि टेकडीवरच्या नव्या सरकारी दफनभूमीत रांगेने पुरायचं, असं काम निघालं होतं. दक्षिणेचा शिपाई सापडला तर पुन्हा माती लोटायची, सरकार त्याचं काही लागत नव्हतं. कोण कुणाकडचा ते बटणांवरून, कापडावरून, बुटांवरून फॅरल ठरवायचा. खणणारे सगळे काळे होते, कालपरवापर्यंत कुणाचे ना कुणाचे गुलाम. टायटस त्यांच्यातला सगळ्यात वयस्क.

"आणि इथेच कसं खणायला सांगितलंस?" फॅरलने मान वर करून विचारलं. "वर दगड नाही, फळी नाही. एवढ्या मोठ्या शेतात या दोन झाडांच्या मधोमध, नेमकं?"

"मीच पुरलाय, साहेब. लढाईनंतर तिसऱ्या दिवशी. मेलेले घोडे आणि मेलेले यांकी, सगळे गाडून टाका, असा हॉलिस मालकांचा हुकूम होता."

"मग सहा आठवडे गप्प का बसलास?"

याचं उत्तर टायटसकडे होतं, पण ते फॅरलला देण्याजोगं नव्हतं. सहा आठवडे तो या चष्मेवाल्या गोऱ्या पोराला जोखत होता. कुणावर ओरडतो, हाडं पेटीत ठेवतो की टाकतो, कुणी बघत नसताना कसा वागतो. गोऱ्या माणसावर विश्वास टाकायचा तर इतके दिवस पुरत नाहीत हे त्याला कळत होतं. पण पुढच्या आठवड्यात या शेतात नांगर चालणार होता.

खड्ड्यातला माणूस शिपाई नव्हताच. तो टायटसचा मुलगा होता, रूबेन. एकोणीस वर्षांचा. उत्तरेच्या छावणीत भरती व्हायला म्हणून एका पहाटे निघाला आणि ओढा ओलांडायच्या आत पहाऱ्यावरच्या गोऱ्यांनी त्याच्या पाठीत गोळी घातली. नंतर तिथे लढाई झाली. घोडे गाडायला गेलेल्या टायटसला तो काठच्या झाडीत पालथा पडलेला सापडला. गुंडाळायला काही नव्हतं. थोड्या अंतरावर एक मेलेला यांकी, उत्तरेचा शिपाई होता, त्याचा कोट काढून टायटसने पोराच्या अंगावर घातला. हात आखडले होते, बाह्यांत जाईनात. ज्या कोटासाठी निघाला तो निदान असा तरी मिळाला, असं त्याच्या मनात आलं आणि त्या विचाराची त्यालाच लाज वाटली.

घरी त्याची बायको हुल्डा तापाने फणफणली होती. तिने विचारलं, "पोहोचला का रे?" आणि टायटस म्हणाला, "पोहोचला. पलीकडे गेला." ताप उतरला की सांगू, असं त्याने ठरवलं होतं. ताप उतरला. त्याला तीन वर्षं होत आली.

"लेफ्टनंट!"

बांधावरून हॉलिसबाई येत होत्या. शेत त्यांचं. एकेकाळी टायटसही त्यांचाच, हुल्डाही आणि रूबेनही. गेले चौदा दिवस त्या रोज सकाळी बांधावर खुर्ची टाकून काळ्या छत्रीखाली बसत. त्यांचा वॉरन दक्षिणेच्या फौजेत होता. याच लढाईत हरवला, त्याचं प्रेत मिळालं नाही. तो आपल्याच मातीत कुठेतरी आहे आणि हे यांकी चोर त्याला आपला म्हणून उचलून नेणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र संशय नव्हता.

"कोट दुसऱ्याचा आहे, तुम्हीच म्हणालात. मी ऐकलं." खड्ड्याच्या कडेला येऊन त्या उभ्या राहिल्या. त्यांना धाप लागली होती. "चार दिवस पाऊस लागला होता तेव्हा. कुडकुडला असेल माझा वॉरन. मिळेल तो कोट घेतला असेल. ते मांडीचं हाड बघा केवढं आहे! तो असाच उंच होता. आणि दात... सारखे, सुंदर..."

फॅरल अवघडून गेला. गावातल्या गोऱ्यांशी उगाच कुरापत काढू नका, असं त्याला वरून बजावलेलं होतं. तो टायटसकडे वळला.

"तूच पुरलास ना? मग तूच सांग. आपला की त्यांचा?"

सगळ्यांची फावडी थांबली. टायटसने खड्ड्यात पाहिलं. खरं सांगावं तर पोरगा शिपाई नाही, कुठल्या पलटणीत नाव नाही. म्हणजे माती लोटायची आणि पुढच्या आठवड्यात वरून नांगर. गप्प बसावं तर बाई त्याला हॉलिस घराण्याच्या कबरींच्या कुंपणात नेणार, डोक्याशी संगमरवर बसवणार, त्यावर वॉरनचं नाव. ज्यांच्या तावडीतून सुटायला पोरगं धावलं, त्यांच्याच घरात कायमचं.

"तुमचा, साहेब," टायटस म्हणाला. "तुमच्याकडेच येत होता."

"येत होता म्हणजे?"

"म्हणजे... तुमच्या बाजूनं होता."

फॅरलने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. "नाव? खिशात कागद, पत्र, काही होतं?"

ओढ्याचं पाणी वाजत होतं. टायटसने ओठांवरून जीभ फिरवली.

"नाव ठाऊक नाही, साहेब."

तीन वर्षं तो बायकोशी खोटं बोलला होता. आज पोराशी, त्याच्या तोंडावर.

हॉलिसबाईंनी खिशातून छोटं बायबल काढलं. "हात ठेव यावर. हा माझा वॉरन नाही, असं म्हण."

टायटसने मातीचा हात विजारीला पुसला आणि बायबलवर ठेवला. "हा तुमचा वॉरन नाही, बाई."

पूर्वी तो 'मालकीणबाई' म्हणत असे. ते नुसतं 'बाई' त्यांच्या कानाला लागलं.

"तुम्ही लोक खोटं बोलायला कुठे शिकलात, ते मला चांगलं ठाऊक आहे."

"शाळा तुमचीच होती की," मागून खणणाऱ्यांतला डेम्प्सी पुटपुटला. दोघेतिघे खाली मान घालून हसले. टायटस हसला नाही.

संध्याकाळी हुल्डा तव्यावर मक्याची भाकरी भाजत होती. तिची पाठ त्याच्याकडे होती, पण पाठीलाही डोळे असावेत तशी ती त्याच्यावर लक्ष ठेवून होती. हे अलीकडचंच.

"आज काय सापडलं?"

"रोजचंच. हाडं."

"दुसरी कामं नव्हती का रे? हे मढी उकरायचं काम तू मागून घेतलंस. का घेतलंस?" ती वळली नाही. "एक विचारू? काळ्या शिपायांच्या पलटणी गेल्या या रस्त्यानं. मी एकेकाला अडवून विचारलं, रूबेन नावाचा पोरगा पाहिलात का म्हणून. तू एकदाही नाही विचारलंस. बाप असून. मी दोन वर्षं बघतेय."

टायटस जोड्यांची वादी सोडत बसला. वादीला गाठ पडली होती.

तेवढ्यात दारात सावली पडली. हॉलिसबाई आल्या होत्या, पायी, एकट्या. या खोपटाच्या दारात त्यांनी जन्मात कधी पाऊल टाकलं नव्हतं. हुल्डाने त्यांच्याकडे पाहिलं आणि बसा म्हटलं नाही.

"टायटस," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "वीस वर्षं तू माझ्या घरात होतास. तू खोटं बोललास की एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतोस. मला तेव्हापासून माहीत आहे, मी कधी बोलले नाही. आज वॉरन नाही म्हणालास तेव्हा तू हललास नाहीस. 'नाव ठाऊक नाही' म्हणालास तेव्हा हललास. म्हणजे तो कोण आहे, ते तुला ठाऊक आहे. मला सांग. वॉरन कुठे पडला हे ठाऊक असणाऱ्यांपैकी तो कुणी असेल तर... मला काहीतरी सांग."

"बाई, तुमच्या मुलाचं मला काही ठाऊक नाही. शपथेवर सांगतो."

"मग तो कोण?"

हुल्डाचा हात तव्यावर थांबला होता.

"कुणाचं नाव ठाऊक नाही म्हणालास तू?" तिने हळूच विचारलं. "टायटस. इकडे बघ माझ्याकडे. पोहोचला म्हणाला होतास."

भाकरी करपल्याचा वास यायला लागला.

"ओढ्यापर्यंत पोहोचला," टायटस म्हणाला.

हुल्डा ओरडली नाही. तिने तवा उतरवला, करपलेली भाकरी उलथन्याने खरवडून बाजूला टाकली, मग जमिनीवर बसली.

"कुठे लागली?"

"पाठीत."

"कुणी?"

हुल्डाने दाराकडे पाहिलं. हॉलिसबाईंनी चौकट धरली होती.

"त्या पहाटे ओढ्यावर बार झाला होता," त्या कुणालाच उद्देशून नाही असं बोलल्या. "हे बाहेरून आले. मी विचारलं. म्हणाले, पिसाळलेलं कुत्रं होतं." हॉलिस मालकांना जाऊन आता वर्ष झालं होतं. "बूट धुवायला टाकले आणि नाश्त्याला बसले."

"तोंड आवरा तुमचं," हुल्डा म्हणाली. हॉलिसबाईंशी असं कुणी बोललं नव्हतं. त्या वळल्या.

टायटस मागोमाग अंगणात गेला. "बाई, उद्या सकाळी पेटी टेकडीवर जायचीय. तो शिपाई नव्हता, हे लेफ्टनंटच्या कानावर गेलं तर त्याला परत आणून टाकतील."

त्या थांबल्या, पण मागे वळून पाहिलं नाही. मग चालू लागल्या.

घरात हुल्डाने दुसरी भाकरी थापली, भाजली, त्याच्यापुढे ठेवली. स्वतः खाल्ली नाही. "ती सांगणार," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने त्याच्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर नऊ पेट्या होत्या. काळ्या शिपायांची रांग खाली, उताराला. वरच्या रांगा गोऱ्यांच्या आणि अनोळखींच्या. हाडांना रंग नसतो, त्यामुळे रूबेनची पेटी वरच्या रांगेत आली. टायटस आणि डेम्प्सी दोर धरून उभे होते. हुल्डा कुंपणापाशी उभी होती, लांब.

हॉलिसबाईंची गाडी चढावर दिसली. त्या उतरल्या, थेट फॅरलकडे गेल्या. बोलत राहिल्या. वारा उलट्या दिशेचा, एक शब्द ऐकू येईना. एकदा फॅरलने मान वळवून पेटीकडे पाहिलं. एकदा टायटसकडे. टायटसने दोर हाताला आणखी एक वेढा देऊन घेतला. पेटी परत न्यायची म्हणाले तर आपण काय करणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण दोर सोडायचा नाही, एवढं त्याने ठरवलं.

गाडी निघून गेली. फॅरल सावकाश चालत आला.

"बाई म्हणते, कालचा तिचाच गैरसमज. तिचा मुलगा नव्हे तो. खात्री पटली म्हणते."

"होय, साहेब."

"कशी पटली विचारलं, तर बोलली नाही." तो टायटसच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते बघत होता. "तुला ठाऊक आहे?"

"नाही, साहेब."

"आणि ती कुंपणापाशी कोण?"

"माझी बायको."

"इथे तिचं कुणी आहे?"

"बघायला आलीय नुसती."

फॅरलने पेन्सिल काढली. वहीवर ती जरा वेळ टेकवून धरली. मग 'अनोळखी' असं लिहिलं, पुढे सहाशे चौदा हा आकडा घातला आणि वही मिटली. "उतरवा," तो म्हणाला.

हॉलिसबाई का गप्प राहिल्या, हे टायटसला कधीच कळलं नाही. नवऱ्याचं नाव राखायला असेल, दुसरं काही असेल. तो त्यांच्या गप्प राहण्यावरही विश्वास ठेवू शकला नाही. रस्त्याने त्यांची गाडी दिसली की हातातलं काम सोडून, ती टेकडीकडे वळत नाही ना, ते बघत उभा राही.

तिसऱ्या रविवारी प्रार्थनेहून परतताना हुल्डा घराच्या वाटेला न वळता टेकडीकडे वळली. टायटस मागून गेला. वरच्या रांगेत सगळ्या फळ्या सारख्याच, पांढऱ्या, काळ्या आकड्यांच्या. तिला वाचता येत नव्हतं. ती थांबून त्याच्याकडे बघत राहिली, तेव्हा त्याने बोट केलं.

हुल्डा खाली बसली. फळीभोवती गवत उगवलं होतं. ते तिने मुळासकट उपटलं, माती हाताने थोपटून सारखी केली. मग सरकली आणि डावीकडच्या फळीचं गवत उपटायला लागली. मग त्याच्या पुढच्या.

"अगं, तो..." टायटस म्हणाला.

"एकाचंच काढलं तर लोक विचारतील," ती म्हणाली. एकोणीस दिवसांत त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

रांगेत एकतीस फळ्या होत्या. ती गुडघ्यांवर सरकत एकेकीपाशी थांबत गेली. टायटस रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.