पोटात बर्फ घेऊन फिरलेला थर्मास

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा, की तुमचं पोट काचेचं आहे आणि त्यात बर्फाचे तुकडे खुळखुळत आहेत. गारठलात ना? मग माझी गोष्ट तुम्हांला कळेल. निदान मला कळली तेवढी तरी.

मी एक जुना थर्मास आहे. सुलोचनाबाईंच्या लग्नात पुलगावहून आहेर म्हणून रोहण्याला आलो. पहिली काही वर्षं मी चहा वाहिला. सकाळचा चहा दुपारी गरम निघाला, की पाहुणे वाखाणत आणि मी फुगत असे.

सत्त्याण्णव साली मात्र माझ्या पोटात बर्फ आला. सुलोचनाबाईंचं बाळ दोनदा पोटातच गेलं होतं. तिसऱ्या खेपेस वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं दिली. ती गार ठेवायची होती. घरची रीत अशी, की तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. नजर लागते म्हणत.

एकदा एसटीत शेजारच्या धुरपताबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "काय हाय वं यात, सुलोचना?"

"ताक."

"मंग दे ना घोटभर. ऊन काय मरणाचं हाय!"

सुलोचनाबाईंची सात वर्षांची पुतणी आचल खुदकन हसली. "ताक नाई वो आजी, इंजेक्शन हाय! काकूले बाळ होणार हाय!"

पुढे थोड्याच दिवसांत तेही बाळ गेलं. सासूबाई अनुसयाबाई, म्हणजे आचलची आजी, म्हणाल्या, "गावभर झालं ना! मंग नजर लागन नाई तं काय?"

तेव्हापासून आचल मिटूनच गेली. मी फळीवर बसून विचार करी, माझा बर्फ लवकर वितळला का? की चूक खरंच त्या पोरीची?

बाळं का जातात हे पाहायला डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. त्यांचे निकाल घ्यायला आम्ही वर्ध्याला गेलो, तेव्हा आचलनं एकदम विचारलं, "डॉक्टरीणबाई, मी सांगतलं म्हणून बाळ गेलं काय?"

"नाही बेटा. बोलल्यानं बाळ जात नाही." मग त्या सुलोचनाबाईंकडे वळल्या. "तपासण्या सगळ्या नीट आहेत. कारण सापडलं नाही. या इंजेक्शनांनी फायदा होतोच असं दिसत नाही, तेव्हा पुढच्या वेळी ती नकोत. पुष्कळ बायांना यानंतर औषधाविनाही बाळ होतं. खात्री मात्र मी देऊ शकत नाही. दिवस राहिले की लगेच या. आणि एकट्या घाबरत बसू नका."

कारण नाही, दोष नाही, औषधही नाही! मग मी बर्फ वाहिला तो कशासाठी? मित्रांनो, हे मला अजून उमगलेलं नाही. एवढंच कळतं, की थर्मास फुटला तर कुणाच्या हातून पडला, असं विचारता येतं. बाळ गेलं तर तसं विचारू नये.

पुढच्या वर्षी सुलोचनाबाईंना पुन्हा दिवस गेले आणि घर पुन्हा गप्प झालं. एका दुपारी त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"काकू, तुले भेव लागते?" आचलनं दारातून विचारलं.

"हो गं बाई. लय."

"मले बी. पण मी कोणाले नाई सांगत."

सुलोचनाबाई उठून बसल्या. "सांग. आजीले सांग, काकूले एकटीले भेव लागते म्हणाव."

आचल थोडा वेळ तिथंच घुटमळली. मग अंगणात गेली, डाळ पाखडणाऱ्या आजीच्या हातातलं सूप काढून खाली ठेवलं आणि तिला बोटाला धरून आत घेऊन आली.