कुंदाच्या हळदीची कॅसेट

आमच्या घरात टीव्ही होता आणि तो व्यवस्थित चालत होता, हे मी आधीच सांगून ठेवते. म्हणजे अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आमचे हे मुंबईहून एक हिरवी पाटी, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बसवायचं कार्ड, घेऊन आले आणि म्हणाले, "सुनंदा, आता आपल्याला कॉम्प्युटरवर टीव्ही बघता येईल," तेव्हा मला काय वाटलं असेल ते तुम्हाला कळेल. त्या पैशात फ्रिज येणार होता. सगळ्या पिंप्राळ्याला मी सांगून बसले होते.

हे म्हणजे लोटन. लग्नाच्या शूटिंगची कामं करायचे. आमच्या पुढच्या खोलीचा स्टुडिओ झाला होता, म्हणजे पाहुणे आले तरी त्यांना बसायला स्वयंपाकघर. त्या खोलीत कॉम्प्युटर, दोन व्हीसीआर आणि घरातला एकुलता एक कुलर. मे महिन्यात जळगावात माणसं भाजून निघायची आणि आमच्याकडे कुलरचा वारा कॉम्प्युटर खायचा. "त्याला गरम झालं तर तो बंद पडेल," हे सांगायचे. मी बंद पडणार नाही याची त्यांना खात्री असावी.

पण कार्ड खरंच गुणाचं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. पडद्यावर चित्र दाखवायचं काम तर ते करायचंच, वर त्याला पाठीमागून अँटेनाची वायर लागायची आणि व्हीसीआरचीही. कॅसेटमध्ये जे असेल ते कॉम्प्युटरच्या आत ओढून घ्यायचं, मग हवं तिथे थांबवायचं, कापायचं, जोडायचं. टेप झिजायची भीती नाही. पहिल्या आठवड्यात अख्खी कॉलनी येऊन गेली. पडद्याच्या कोपऱ्यात पत्त्याएवढ्या चौकोनात बातम्या चाललेल्या आणि बाकीच्या पडद्यावर ह्यांनी केलेली कुणाची तरी लग्नपत्रिका उघडलेली. लोक बातम्या सोडून तो चौकोन इकडून तिकडे सरकवलेला बघत बसायचे. मी सगळ्यांना चहा करायची आणि मनातल्या मनात फ्रिजच्या बर्फाचं पाणी प्यायची.

ही बातमी एस.टी.ने की वाऱ्याने, पण साक्रीच्या पलीकडे ह्यांच्या गावापर्यंत पोचली. पोचताना ती थोडी वाढली. लोटनकडे अशी काच आहे की तिच्यात गेलेलं माणूस थांबवून त्याच्याकडे पोटभर बघता येतं, असं तिथे झालं. आणि एक दिवस सकाळीच शेवंता अक्का आमच्या दारात उभ्या राहिल्या.

लग्नसराई ऐन भरात. तीन लग्नांच्या कॅसेटी टेबलावर पडलेल्या, त्यात ह्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण अक्का म्हणजे ह्यांच्या शेजारच्या घरातल्या. ह्यांची आई सारखी आजारी, त्यामुळे ह्यांचं लहानपण अर्धं त्यांच्या चुलीपाशी गेलेलं. मी मुकाट्याने पाणी दिलं. त्यांनी नागलीचे पापड माझ्या हातात दिले आणि पिशवीच्या तळातून खणात गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट काढली.

कॅसेट कुंदाच्या लग्नाची होती. कुंदा अक्कांची एकुलती मुलगी. एक्क्याण्णवमध्ये धुळ्याला दिली आणि तीन वर्षांत काविळीने गेली. मूलबाळ नव्हतं. तिचे फोटो होते, चांगले दोन होते, पण अक्कांना फोटो नको होता.

"हयद लागी ऱ्हायंती ना," अक्का सांगू लागल्या, "तव्हय कुंदी माले काहीतरी बोलनी व्हती. मी घाईमा व्हतू. आचारी बोंबली ऱ्हायंता, पाहुना ऊनात. मी दखं बी नही तिनाकडे. काय बोलनी ते माले ऐकानं शे. तेवढं काढी दे भाऊ."

एवढंच. हळद लागताना लेक काहीतरी बोलली, ते घाईत ऐकायचं राहिलं, आणि सात वर्षं त्या बाईच्या मनात ते राहिलं होतं. मुलगी असताना विचारायचं सुचलं नाही आणि सुचलं तेव्हा मुलगी नव्हती.

"मग तुम्ही कधी लावून नाही बघितली?" मी विचारलं.

एकदा बघायला घेतली होती म्हणाल्या. कुंदा गेल्यावर वर्षश्राद्धाला भावाने भाड्याने व्हीसीआर आणला. मांडव झाला, पाहुणे झाले, मग कुंदा हळदीला पाटावर येऊन बसली. तिचा चेहरा दिसला आणि अक्कांना ते सोसवेना. बंद करा म्हणाल्या. तिथेच कॅसेट काढली, ती आजपर्यंत कुठे लावली नव्हती.

ह्यांना दुसरीच काळजी. तेव्हाचे शूटिंगवाले कॅसेटचं मिक्सिंग करायचे, म्हणजे मूळ आवाज पुसून त्यावर सिनेमाची गाणी चढवायची. हळद म्हटलं की हळदीचं गाणं, निरोप म्हटलं की रडकं गाणं. तसं झालं असेल तर कुंदाचा आवाज कधीच गेला. "मिक्सिंग करेल शे का अक्का?" ह्यांनी भीत भीत विचारलं. अक्का म्हणाल्या, तो धुळ्याचा शूटिंगवाला आज करतो, उद्या करतो म्हणत राहिला आणि शेवटी तशीच कच्ची कॅसेट देऊन मोकळा झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या आळशी माणसाला नमस्कार करावासा वाटला.

ह्यांनी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली. पडद्यावर जेमतेम मुंग्या दिसल्या आणि व्हीसीआर घरघरायला लागला. ह्यांनी घाईने बाहेर काढली, पुढचं झाकण उचललं आणि बघतच राहिले. मग स्क्रू काढून तिचं कवच उघडलं. आत सगळीकडे लाल भुगा होता. चाकांवर, कोपऱ्यांत, टेपच्या वेढ्यांमध्ये. उघड्या टेपवर तर थरच्या थर.

ह्यांच्या तोंडून शिवी निघणारच होती. यंत्राशी कोणी असं वागलं की ह्यांना बाप दिसत नाही. मी टेबलाखालून पाय दाबला, पण उशीर झाला होता. अक्का पुढे येऊन वाकल्या होत्या. त्यांनी बोट लावलं आणि बोटाकडे पाहिलं.

"हाई तं कुंकू शे," त्या म्हणाल्या.

कुंदा सवाष्ण गेली होती. माहेरची साडी नेसवून, मळवट भरून अक्कांनीच तिला पाठवली होती. आमच्याकडे अशा लेकीला विसरत नाहीत, तिच्या नावाने सवाष्ण जेवते, तिच्या नावाने कुंकू निघतं. अक्कांनी काय केलं, तर ही कॅसेट देव्हाऱ्यात ठेवली. शूटिंगवाल्याने एकदा झाकण उचलून त्यांना दाखवलं होतं, ही काळी पट्टी, हिच्यात तुमची कुंदा आहे. मग अक्का दर शुक्रवारी झाकण उचलायच्या आणि त्या पट्टीला हळदकुंकू लावायच्या. वरून लावलं तर ते कवचाला लागणार, लेकीला नाही, एवढा हिशेब त्यांनी नीट केला होता. आणि टेप थांबलेली होती कुठे, तर कुंदा हळदीला बसली तिथेच. म्हणजे इतकी वर्षं ते कुंकू नेमकं त्याच जागेवर पडत होतं.

हे सगळं आमच्या तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. मग अक्का मला म्हणाल्या, "मीच मिटाडं का वं तिले?"

मीच पुसून टाकलं का तिला, असं विचारत होत्या. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचा मला काही हक्क नाही असंही वाटत होतं. बोलले ते हे. ज्यांना साधं "भाजी छान झाली" हे खोटं बोलता येत नाही, ते तोंड वर करून म्हणाले, "नही अक्का. हाई कुंकू व्हतं म्हनीसन कॅसेट टिकनी. नहीतं बुरशी खाई टाकती."

अक्कांनी विश्वास ठेवला की नाही मला माहीत नाही. त्या खाली भिंतीला टेकून बसल्या.

मग ह्यांनी कामाला हात घातला. टेबलावरच्या तिन्ही लग्नांच्या कॅसेटी उचलून माझ्याकडे दिल्या आणि दार लावून घ्यायला सांगितलं. टेप हाताने थोडी थोडी सोडवत मऊ कापडातून ओढली आणि दुसऱ्या कवचात घातली. वाटीभर कुंकू निघालं असेल. मी ते कागदावर गोळा करून ठेवलं, टाकायचं कुठे ते कळेना. तरी टेपच्या अंगात मुरलेलं राहिलंच. आता ती व्हीसीआरमध्ये फिरली की कुंकू त्याच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटणार, हेड घाण झालं की चित्र जाणार, आणि तसंच ओढत राहिलं तर टेप खरवडून निघणार. म्हणून हे म्हणाले, प्रत्येक तुकडा एकदाच चालवायचा. तेवढ्यात तो कार्डातून आत गेला की आपला. नंतर टेपचं काही होवो.

कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती. ह्यांनी गिऱ्हाइकांना दाखवायला महिनाभर खपून केलेला नमुना होता, फिरत्या चौकटी, बदामात नवरानवरी. तो पुसून टाकला. मला न विचारता, एक शब्द न बोलता. फ्रिजचा राग माझा तिथे संपला.

टेप सुरू झाली. पाच-सहा सेकंद चित्र यायचं, मग मुंग्या. हे व्हीसीआर थांबवायचे, झाकण काढून कोऱ्या कागदाला स्पिरिट लावून हेड पुसायचे, कागद लाल व्हायचा, पुन्हा चालू. मी माऊस धरून बसले होते. त्यांनी मान हलवली की बटण दाबायचं. चुकले असते तर तो तुकडा गेलाच, म्हणून माझा हात घामाने भिजला होता. कुलर त्या दिवशी बंदच होता, पाण्याचा थेंब उडायला नको म्हणून.

कुंदा पाटावर येऊन बसली. गोरी नव्हती, उंच होती, आणि हसताना हाताने तोंड झाकायची सवय. लगेच मुंग्या. तो कुंकवाचा मुख्य थर, चार-पाच सेकंद, त्यातलं काही म्हणजे काही आलं नाही. नुसती खरखर. अक्का भिंतीपाशीच होत्या. कागद पांढरा निघाला तरी हे हेड पुसतच राहिले, कारण ती जे काही बोलली ते त्याच सेकंदांत असेल तर संपलं होतं.

पुन्हा चालू केलं. बायका गात होत्या. कुंदाच्या गालांना हळद. मागून परात घेऊन एक बाई घाईने चालली होती, पदर खोचलेला, केस सुटलेले. त्या अक्का होत्या, सात वर्षांपूर्वीच्या, ताठ कण्याच्या. कुंदाने मान वळवली. चित्र फाटायला लागलं होतं, ह्यांचा हात बटणावर गेला होता, पण मी म्हटलं, थांबा. चित्र गेलं. आवाज राहिला. हे नंतर म्हणाले की आवाजाचं हेड निराळं असतं, त्याला कुंकू कमी लागतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की मुंग्यांनी भरलेल्या पडद्यातून एक पोरगी स्वच्छ बोलली.

"माय, तू जेवनी का?"

पुढे भांड्यांचा आवाज, गाणं, आणि लांबून अक्कांचाच आवाज, "मंग, मंग."

ह्यांनी सगळं थांबवलं. आत आलेला तुकडा उघडला आणि पुन्हा लावला. कुंदाने मान वळवली, चित्र गेलं, माय, तू जेवनी का. हळदीच्या दिवशी नवरी स्वतः उपाशी असते. ती आईला विचारत होती.

अक्का उठून पडद्याजवळ आल्या. रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. परात घेऊन जाणाऱ्या त्या बाईकडे बोट करून म्हणाल्या, "दख, थांबनी बी नही ती." दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं म्हणाल्या.

"परत लाव भाऊ."

ह्यांनी लावलं. किती वेळा लावलं कोण जाणे. कार्डातून आत आलेलं होतं ते, झिजणार नव्हतं. दुपार टळून गेली, बाहेर कुल्फीवाल्याची घंटा वाजून गेली, मांडलेला स्वयंपाक ओट्यावर तसाच होता आणि कुंदा पुन्हा पुन्हा मान वळवून विचारत होती. दर वेळी तिचं विचारून झालं की मागून "मंग, मंग" यायचं. आणि एका वेळेला ते यायच्या आत अक्का बोलल्या.

"नही वं बेटा," त्या पडद्याला म्हणाल्या. "तू गयी तवयपासून धड जेवन नही. आते जेवसू."

मग त्या आत गेल्या, स्वतःच पाट घेतला आणि बसल्या. मी वाढलं. त्या भाकरी मोडून जेवत होत्या आणि पुढच्या खोलीतून, ह्यांनी आपोआप फिरत ठेवलेल्या तुकड्यातला, कुंदाचा आवाज येत होता. आमच्याजवळ येऊन बसलेले हे ते बंद करायला उठले, तर अक्कांनी घास हातात धरून मान हलवली, चालू राहू दे म्हणून.