शिसे ओळखणारी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. जखमेवर बांधायची नव्हे आणि वहीत रेघा मारायचीही नव्हे. मी बोटभर कागदाची आहे आणि माझ्या टोकाला पिवळसर पुडीचा थर आहे. त्या पुडीच्या कणाकणात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे आहेत. जांभळ्या दिव्याखाली मी हिरवी उजळते. पण पाण्यात शिसे विरघळलेले असेल, तर ते त्या छिद्रांत शिरते आणि माझा उजेड विझतो.

प्रयोगशाळेतल्या ताईंनी मला घडवले. पूड दोन दिवस भट्टीत तापली, धुतली, वाळली. मी पहिल्यांदा उजळले तेव्हा प्रयोगशाळेच्या साहेबांनी चार लोकांना बोलावून दाखवले. नंतर मी माझ्यासारख्याच इतर पट्ट्यांसोबत डब्यात पडून राहिले.

एके दिवशी ताईंना त्यांच्या वहिनीचा फोन आला. "भिंगरी जेवत नाही हो. पोट दुखतं म्हणते, सारखी पडून असते."

भिंगरी ही ताईंची चार वर्षांची भाची. पायाला चाके लावल्यासारखी घरभर फिरायची, म्हणून हे नाव. तिचे वडील, म्हणजे ताईंचे दादा, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याच्या कारखान्यात कामाला होते. ताईंना शिशाची शंका आली. त्यांनी डबा आणि दिवा उचलला आणि दादांचे घर गाठले.

"नळाचं पाणी काचेसारखं आहे. उगाच घाबरवू नकोस," दादा म्हणाले.

ताईंनी माझी एक बहीण त्या पाण्यात बुडवली. ती लख्ख उजळली. वहिनीच्या जिवात जीव आला. पण ताईंची नजर खुंटीवरच्या कामाच्या शर्टावर गेली. बाहीवर करडी धूळ होती.

त्यांनी ती बाही वाटीभर पाण्यात खळबळली, धुळीतले शिसे विरघळावे म्हणून सोबत आणलेले थोडे ॲसिड टाकले, पाणी गाळले आणि मला त्यात सोडले. मित्रांनो, मी फार घाबरले होते. खाटेवरून भिंगरी माझ्याकडेच बघत होती. मला त्या घरात विझायचे नव्हते.

मी विझले.

"जुनी आहे, बिघडली असेल," दादा म्हणाले. ताईंनी दुसरी पट्टी घेतली, मग तिसरी. तिन्ही काळ्या.

वहिनी हळूच म्हणाली, "तुम्ही आलात की ती आधी या शर्टालाच बिलगते."

दादा भिंतीला टेकून खाली बसले. "म्हणजे मीच..."

दवाखान्यात भिंगरीच्या रक्तातही शिसे निघाले. औषध सुरू झाले. "बरं वाटेल तिला," डॉक्टर म्हणाले, "पण नुकसान किती झालंय, ते इतक्यात सांगता यायचं नाही."

आता दादा कारखान्यातच अंघोळ करून, कपडे बदलून येतात. तरी पहिल्या संध्याकाळी भिंगरीने हात पसरले, तेव्हा ते दारातच थबकले. "घ्या ना तिला," वहिनी म्हणाली. ते स्वतःची नखे बघत उभे राहिले.

मित्रांनो, जे दिसत नाही ते नाहीच, असे समजू नका. असे काम करणाऱ्याला बोल लावू नका. त्याला कामावरच साबण, पाणी आणि बदलायला कपडे मिळायला हवेत. त्या कारखान्यात आणखी चाळीस माणसे आहेत. त्यांचीही मुले दारात वाट बघतात. आमच्या डब्यात अकराच पट्ट्या उरल्या आहेत. त्यांना तिथे पडून राहू देऊ नका.